दाजी गावकरांचं गाऱ्हाणं

दाजी गावकरांना कुजबुजता येत नव्हतं. आयुष्यभर पिठाची गिरण चालवल्यामुळे त्यांचा आवाज पट्ट्याच्या खडखडाटावर चढून बसलेला, आणि गिरण बंद झाली तरी तो खाली उतरत नसे. कुणी कानाशी लागून काही सांगितलं की दाजी म्हणत, "असा काय? रे मेल्या, मी कोणाक सांगूचंय नाय." हे वचन बंदरावरच्या माणसांनाही स्पष्ट ऐकू जाई.

गिरण आमच्या गावात देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर. तिच्या दारात एक स्टूल, स्टुलावर दाजी. भुवया, मिशी, कानांच्या पाळ्या, सगळं पिठाने पांढरं. कानामागे विडी, ती मात्र रोज बदललेली. पीठ झटकलं तर आत खरोखरचा म्हातारा निघेल म्हणून दाजी कधी अंग झटकत नाहीत, असं आमच्या शेजारची मयुरी म्हणायची. ते ऐकून दाजी मुद्दाम तिच्यासमोर मिशी झटकत आणि तिला शिंका आणत.

ते गावचे मानकरी होते. मान, मानकरी, घराणी या सगळ्यांविषयी माझं मत वाईट आहे आणि दाजींमुळे ते बदललेलं नाही. आमच्या घरात देव नव्हता, पत्रकं होती. वडील खाडीतल्या रेतीच्या उपशाविरुद्ध पत्रक काढत, किनाऱ्यावरच्या जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध काढत, बुवाबाजीविरुद्ध तर दर जत्रेला काढत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. आमच्याकडे अ अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. आणि आमच्या घराच्या बरोबर समोर हा माणूस, ज्याच्या घरात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान् पिढ्या चालत आलेला.

गाऱ्हाणं म्हणजे देवाच्या दारात उभं राहून गावाच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात 'नाही' म्हणायची सोय नाही. चर्चा नाही, मतदान नाही, दुरुस्तीची सूचना नाही. लोकशाहीची इतकी उघड थट्टा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि तिचा इतका चांगला उपयोग करणारा माणूसही.

एकदा देवळाच्या माडांचे नारळ चोरीला गेले. कुणी नेले ते सगळ्यांना माहीत होतं, गावात माडावर सरसर चढणारा माणूस एकच, वामन. पण तोंडावर कोण बोलणार? पुढच्या गाऱ्हाण्यात दाजींनी नेहमीची सुरुवात केली, पाऊसपाणी, गुरंढोरं, आणि मग त्याच सुरात म्हणाले, "ज्या कोणी तुझ्या माडाचे नारळ उतरवले, म्हाराजा, तेका वर चढाक बळ दिलंस, आता खाली ठेवक बुद्धी दी." व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठा आवाज वामनचा. सवय होती त्याची, शब्द कानावर पडायच्या आधीच तो 'व्हय' म्हणायचा. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर नारळांची रास होती. गंमत म्हणजे चोरीला गेले होते त्यापेक्षा बरेच जास्त निघाले. वामन सोडून आणखी कुणाकुणाला बुद्धी झाली होती, देव जाणे.

वडील म्हणाले, "हे श्रद्धेचं राजकारण आहे." मग चहा संपवला आणि म्हणाले, "नारळ आले मात्र."

दाजी मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय गो पत्रका," म्हणत. "आज कोणाक झोडपलंस?"

आता मयुरी. आमच्या कुंपणापलीकडचं घर तिचं. वडील अनंत, पर्यटकांची बोट चालवतात. आई सुमन, शिवणकाम करते. मयुरी कॉलेजच्या कबड्डीच्या संघात चढाईला जायची, आणि तिचा दम हा गावात अभिमानाचा आणि वैतागाचा विषय होता, कारण सराव ती रस्त्यावर करायची. दाजींची आणि तिची एक पैज ठरलेली. गिरणीच्या दारातून निघायचं, वळणावरच्या उंडीच्या झाडाला हात लावायचा आणि एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत परत दारात यायचं. आली तर दाजींनी तिचं दळप सगळ्यांच्या आधी घ्यायचं. ती दर वेळी यायची. रांगेतल्या बाया चिडायच्या. दाजी विडी पेटवत म्हणायचे, "चेडवाक फुफ्फुसा नाय, भातो आसा लोहाराचो."

बारावीच्या वर्षी तिला खोकला लागला. पावसाळी हवा आहे, जाईल, असं सगळे म्हणाले. मग खांदा दुखू लागला, तो खेळात दुखावला असं ठरलं. मग एक दिवस ती उंडीच्या झाडापर्यंत गेली आणि तिथेच बसली. दाजी स्टुलावरून उठून धावत गेले. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसलेला माणूस धावू शकतो हे गावाला त्या दिवशी कळलं.

छातीच्या फोटोत फुफ्फुसाभोवती पाणी दिसलं. आधी क्षय वाटला. मग गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला आणि निदान आलं. फुफ्फुसाचा कर्करोग. सतरा वर्षांच्या, कधी साधा तापही न येणाऱ्या मुलीला. डॉक्टरीणबाईंनी अनंत आणि सुमनला समोर बसवून स्वच्छ सांगितलं की यात मुलीचा दोष नाही, तुमचाही नाही. इतक्या लहान वयात होतो तेव्हा बहुतेक वेळा पेशीतच आपोआप एक बदल झालेला असतो. तिच्या गाठीत तो सापडलाय आणि नेमक्या त्यावर चालणाऱ्या गोळ्या आहेत. गाठ आकसेल अशी आशा आहे. किती काळ, ते आज सांगता येणार नाही.

अनंतने हे सगळं गावात येऊन सांगितलं. गावाने त्यातला 'फुफ्फुसाचा' एवढाच शब्द ऐकला.

आजारी माणसाला बघायला जाणं हे आमच्याकडे कर्तव्य आहे. लोक आले. बिस्किटांचे पुडे आले, शहाळी आली, तळेऱ्याहून लांबच्या आत्या आल्या. सगळे खळ्यात, घरासमोरच्या अंगणात, बसायचे, घराकडे बघून सुस्कारे टाकायचे आणि मग तो प्रश्न यायचा. शकूमावशी त्यात पुढे. शकूमावशी वाईट बाई नाही. उत्तर मिळाल्याशिवाय तिच्या पोटात अन्न जात नाही, एवढंच.

"गो सुमन," ती म्हणाली, "चेडू कॉलेजात जाता म्हणान खंय जाता, तां कधी बघलंस काय? आजकाल पोरीपण ओढतत म्हणे."

आतल्या खोलीत मयुरी होती. दाराला पडदा होता, भिंत नव्हती.

पुढच्या दिवसांत सिगारेट झाली, मग चुलीचा धूर झाला, म्हणजे दोष सुमनकडे. मग बोटीच्या इंजिनचा धूर, म्हणजे अनंतकडे. कुणी म्हणालं, घराचं दार चुकीच्या दिशेला आहे. आजारी माणसाला गुन्हेगार ठरवायचं आणि वर सहानुभूतीचं शहाळं हातात द्यायचं, ह्याला मी हिंसा म्हणते. मी रागाने पेटून एक पत्रक लिहिलं. समज आणि गैरसमज, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. घरोघरी वाटलं. आठवड्याभरात ते मला सुक्या बांगड्यांभोवती गुंडाळलेलं परत मिळालं.

दाजींनी मात्र ते पूर्ण वाचलं होतं, दोनदा. "बरा लिवलंस गो," ते म्हणाले. "पण वाचणारो वाचता आणि गप रवता. शकू काय गप रवणारी न्हय. तिका वाचूक देऊन काय उपयोग? तिका बोलूक लावूक व्हया."

तोवर त्यांनी आपल्या पद्धतीने आघाडी उघडलीच होती. रोज दुपारी गिरण बंद करून ते मयुरीच्या पायरीवर येऊन बसत. कुणी 'कशान झाला ह्या' म्हटलं की दाजी त्या मोठ्या आवाजात विचारत, "तुझो गुडघो कशान धरलो? कोणाक लाथ मारलेलंस?" मोतीबिंदू झालेल्या एका गृहस्थांना त्यांनी, "काय नको ता बघलंस, भावजी?" असं विचारलं. ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. त्यांच्या बायकोने दाजींकडे मुद्दाम दळप पाठवलं, आभार म्हणून असावं.

एकदा गिरणीतच बायांचं बोलणं रंगलं होतं. विषय तोच, मयुरीचा खोकला. बाजूच्या यंत्रात कुणाचा तरी मालवणी मसाला कांडायला ठेवला होता. दाजींनी दार ओढून घेतलं आणि ते यंत्र सुरू केलं. लाल मिरचीचा लोट उठला. सगळ्या खोकू लागल्या, डोळ्यांतून पाणी, पदर तोंडावर, शकूमावशी तर भिंत धरून. दाजींनी बटण बंद केलं, एकेकीकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, "खोकतात कित्या गो? सगळ्याजणी विडये ओढतात काय?"

आणि त्याच गिरणीत दुसरी एक गोष्ट चालायची, ती फार थोड्यांना माहीत होती. सुमन घरात रडत नसे, पडद्यामुळे. कुंपणापाशी रडायची सोय नव्हती, आम्ही होतो. मग दाजींनी तिला एक दिवस हाक मारली, "सुमन, दळप घेवन ये." तिच्याकडे दळायला काही नव्हतं. ती रिकामा डबा घेऊन गेली. दाजींनी तिला आतल्या पोत्यांवर बसवलं, गिरण सुरू केली आणि स्वतः बाहेर स्टुलावर येऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. दाणा नसलेली गिरण वेगळी वाजते, पोकळ आणि चढी. त्या आवाजात माणूस ओरडून रडलं तरी बाहेर कळत नाही. मी विचारलं, "दाजी, आत काय दळताय?" ते म्हणाले, "पट्टो तपासतंय." पुढे अधूनमधून दुपारी तो पोकळ आवाज यायचा आणि दाजींचा पट्टा तपासायचा बाकी असायचा.

पण प्रश्न थांबले नाहीत. मयुरीने अंगणात येणं सोडलं. गोळ्या सुरू झाल्या होत्या, खोकला कमी होत होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तिला चालू दे, हसू दे, मैत्रिणींत बसू दे. ती पडद्याआड बसून राहायची. शेवटी सुमनने ठरवलं, घराला कुलूप लावायचं आणि मुंबईला भावाकडे जायचं. तिथे कुणी ओळखत नाही, कुणी विचारणार नाही. मयुरीला जायचं नव्हतं. "मी काय चोरी केलंय?" ती आईला म्हणाली. ते मी कुंपणापलीकडून ऐकलं, आणि बहुधा दाजींनीही ऐकलं, कारण दुसऱ्या दिवशी ते सुमनला म्हणाले, "जावा मुंबैक. पण जत्रेक सगळी येवा. जत्रा झाल्यार मगे काय ता करा."

कुलूप आणून ठेवलेलं होतं. जत्रा झाली की निघायचं.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर गाव भरलं होतं. मुंबईकर आलेले, गोड खाज्याची दुकानं मांडलेली. मयुरी आईबरोबर बायकांत, खांबाला टेकून. तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी, जणू ओली जमीन आहे. मी वडिलांबरोबर मागे, आमच्या दरवर्षीच्या निषेधाच्या जागी. दाजी पायरीवर उभे राहिले. अंगाला पीठ तसंच.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात गाव जमलो हा."

"व्हय म्हाराजा."

"दर्यात गेलेल्याक किनाऱ्याक लाव. शेतात गेलेल्याक सापकिरडापासून राख."

"व्हय म्हाराजा."

"मुंबैक रवतत तेंका तुझी याद दी. याद नाय इली तर निदान सुट्टी दी."

"व्हय म्हाराजा," मुंबईकर हसून जोरात म्हणाले. गाव तालात आलं होतं. दाजी याचीच वाट बघत होते.

"गावातला एक चेडू आजारी आसा, म्हाराजा. तेच्यात तेचा काय चुकला नाय. आवशीचा चुकला नाय, बापाशीचा चुकला नाय."

"व्हय म्हाराजा." आवाज थोडा खाली आला, पण आला.

"जो कोण तेच्या दारात जाऊन 'कसा झाला, कशान झाला' म्हणान इचारीत, तेच्या जिभेक फोड येवंदे."

"व्हय म्हाराजा." शकूमावशीचं 'व्हय' बाहेर पडलं आणि 'म्हाराजा' घशातच राहिलं. पण देवासमोर अर्धंही चालतं.

"जो कोण रडका तोंड घेवन जाईत, तेच्या मागे कुत्रो लागांदे."

"व्हय म्हाराजा."

"ज्येच्याकडे गाडी आसा, तो तेका गोव्याक न्हेयत." वामनने नुकतीच जुनी व्हॅन घेतली होती, आणि नेहमीप्रमाणे त्याचं 'व्हय' सगळ्यांच्या आधी. "ज्येका बरो मासो गावात, तो आधी थंय देयत. ज्येका काय्येक जमना नाय, तो थंय बसान गजाली मारीत. गुरांच्ये मारीत, सुनेच्ये मारीत, पण रोगाच्ये नाय."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो गाव आपल्या आजारी पोराक सांभाळूक शकना नाय, त्या गावान जत्रा करू नये."

"व्हय म्हाराजा." ह्याला माझा आवाज लागला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मग मला दिसलं की त्यांचेही ओठ हलले होते.

गाऱ्हाणं इथे संपायला हवं होतं. गाव नमस्कारासाठी वाकू लागलं. पण दाजी उभेच. त्यांनी कानामागची विडी काढली, खिशातलं बंडल काढलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पट्ट्यावरून खाली उतरला.

"आता माजा. म्हाराजा, तुझो हिशोब चुकलो हा. धूर मी ओढलंय. मिशी फुटायच्या आधीपासना ओढतंय. जेंका काय होवचा होता ती फुफ्फुसा ही हयसर आसत." त्यांनी छातीवर थाप मारली, पीठ उडालं. "चुकला ता सुधार. तेचा काढ आणि माका दी."

'व्हय' म्हणणं म्हणजे दाजींना मारणं. न म्हणणं म्हणजे रीत मोडणं, आणि मयुरीच्या वाटेत येणं. वामनचंसुद्धा 'व्हय' आलं नाही. खाज्यावाल्याने हातातली तागडी तशीच धरून ठेवली होती.

मग बायकांतून आवाज आला.

"नाय म्हाराजा."

मयुरी खांबापासून पुढे आली होती.

"तुमच्या फुफ्फुसात जागा खंय आसा, दाजी?" ती म्हणाली. "थंय पीठ भरलेला हा."

आधी कुणीतरी नाकातून हसलं, मग गाव हसलं. मयुरी थांबली नाही. तिला दम लागत होता, पण ती बोलली. "माजा काढून कोणाक देवचा नाय हा. माका बरा होवचा आसा. आणि माका हयसरच रवाचा आसा. तितक्याक व्हय म्हणा."

बाई, त्यातून मुलगी, त्यातून मान नसलेल्या घरातली. पिढ्यान् पिढ्यांची रीत चार-दोन वाक्यांत मोडली होती. आमच्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे केलं नव्हतं ते तिने केलं, आणि गाव एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा."

दाजींनी विडीचं बंडल पायरीवर ठेवलं. "झाला," ते म्हणाले, परत मूळ आवाजात. "आता पाया पडा आणि चला."

कुलूप सुमनने पुढे शिवणाच्या यंत्राच्या खणात टाकलं.

गावाने शब्द पाळला, पण फार विनोदी रीतीने. लोक खळ्यात येऊन बसत आणि रोग सोडून कशावरही बोलत. एका दुपारी तीन माणसं बैलाच्या शिंगांवर इतका वेळ बोलली की मयुरी उठून म्हणाली, "आता बैलाकच बघूक जावा." शकूमावशी रोज यायची. प्रश्न ओठांवर आला की ती ताक प्यायची. वामन दर खेपेला गोव्याला न्यायचा. दाजी बरोबर जात, आणि इस्पितळात ज्या वऱ्हांड्यात शांतता राखा असं लिहिलंय तिथे परिचारिकेला विचारत, "बाय, हळू म्हणजे कितपत?"

गाठ आकसली. गेली नाही, आकसली. गोळ्या रोज चालू आहेत, ठरलेल्या महिन्यांनी तपासणी असते, त्या आठवड्यात सुमन अजून डबा घेऊन गिरणीत जाते. गिरण आता दाजींचा पुतण्या चालवतो. दाजी गेल्या पावसात गेले, झोपेत, हृदय थांबलं. शेवटच्या आजारात छातीचा फोटो काढला होता, फुफ्फुसं ठणठणीत निघाली. तो फोटो त्यांनी उजेडाकडे धरून बघितला आणि भिंतीवरच्या देवाकडे रागाने कटाक्ष टाकला, हे मयुरीने फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी. नोकरीसाठी पुण्याला निघाले होते, एसटीची वाट बघत गिरणीसमोर उभी. वीज गेलेली, गिरण बंद. दाजी स्टुलावर, कानामागे विडीच्या जागी लवंग. शकूमावशी दळपाचा डबा घेऊन रांगेत पहिली. आणि मयुरी दारात आखलेल्या रेघेवर पाय ठेवून उभी. चेहरा उतरलेला, हातांवर गोळ्यांमुळे पुरळ. तिने श्वास घेतला आणि निघाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

शकूमावशीने ते पुरळ बघितलं. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं आणि गाल फुगले.

"मावशे, दम धर," दाजी बंदरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "बघूया कोणाचो आधी सुटता, चेडवाचो काय तुझो."

मयुरीला हसू फुटलं, आणि उंडीच्या झाडाच्या अलीकडे तिचा दम सुटला. ती कमरेवर हात ठेवून वळली. "दाजी, ह्या अंचई आसा. हसवलात तुम्ही."

"हसवलंय तर. मगे परत?"

"परत."

ती चालत, थांबत, दारात आली आणि पुन्हा रेघेवर पाय ठेवला. एवढ्यात एसटी आली. मी चढले, मागच्या काचेपाशी गेले. शकूमावशीने एक हात तोंडावर घट्ट धरला होता. मयुरी पुढे झुकून श्वास भरत होती. दाजींनी पंचासारखा हात वर केला होता आणि तिचा श्वास पुरता भरेपर्यंत ते तो खाली आणत नव्हते. गाडी वळणावर गेली तेव्हाही हात वरच होता.